कट्यार, बिचवा आणि वाघनख : युद्धकालीन शस्त्रांची अस्सलता ठरविण्याच्या निकषांची चिकित्सा (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना

शस्त्र हे इतिहासाचे भौतिक साधन आहे. कागदपत्र, नाणे, शिलालेख आणि वास्तू यांच्या बरोबरीने कट्यार, बिचवा, खंजीर, जंबिया यांसारखी आखूड पात्याची शस्त्रेही भूतकाळाची साक्ष देतात. मात्र कागदपत्रांची चिकित्सा करण्याची जी परंपरा महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांच्या काळापासून रुजली, तेवढ्या प्रमाणात शस्त्रांच्या चिकित्सेची परंपरा रुजली नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्यानंतर मराठी अभ्यासकाला समकालीन पत्र आणि उत्तरकालीन बखर यांतील भेद करण्याची सवय जडली. शस्त्राच्या बाबतीत मात्र आजही घराण्याची आख्यायिका, मुठीवरील सोने आणि पात्यावरचा गंज एवढ्या तीन गोष्टींवर निर्णय दिला जातो.

प्रस्तुत लेखात युद्धकालीन आखूड शस्त्रांची अस्सलता ठरविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या निकषांची चिकित्सा केली आहे. त्यासाठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे हे प्रमुख उदाहरण घेतले आहे. युरोपातील दुसऱ्या महायुद्धकालीन खंजिरांच्या परीक्षणपद्धतीशी तुलना करून ती पद्धत मराठवाड्यातील शस्त्रांना कितपत लागू पडते, याचा विचार बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

विषयाचे महत्त्व

हा विषय केवळ संग्राहकांच्या हौसेचा नाही. शिवजयंती, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन अशा निमित्तांनी शाळा-महाविद्यालयांतून शस्त्रप्रदर्शने भरविली जातात. जुन्या घराण्यांतील शस्त्रे इतिहास विभागाकडे ‘पाहण्यासाठी’ आणली जातात आणि प्राध्यापकाने सहज उच्चारलेले ‘शिवकालीन दिसते’ हे वाक्य पुढे प्रमाणपत्राचे रूप घेते. त्या वाक्याच्या आधारावर वस्तूची किंमत ठरते, घराण्याचा इतिहास लिहिला जातो आणि प्रसंगी एखादी वस्तू पाठ्यसामग्रीतही प्रवेश करते. चुकीचा निर्णय दोन्ही बाजूंनी घातक ठरतो. बनावट वस्तूला अस्सल म्हटले तर इतिहास भ्रष्ट होतो. अस्सल वस्तूला बनावट म्हटले तर ती मोडीत जाते आणि पुन्हा कधीच हाती लागत नाही.

याला कायद्याचीही बाजू आहे. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार सामान्यतः शंभर वर्षांहून कमी नसलेली ऐतिहासिक वा कलात्मक मूल्याची वस्तू पुरावशेष ठरते. अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. दुसरीकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ हे धारदार शस्त्रांनाही आपल्या कक्षेत घेतात. त्यामुळे एखादी कट्यार किती जुनी आहे, या प्रश्नाचे उत्तर अभ्यासाइतकेच व्यवहारालाही बांधलेले असते.

‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ

निकषांची चिकित्सा करण्यापूर्वी ‘अस्सल’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे अगत्याचे ठरते. मराठी दफ्तरात ‘असल’ आणि ‘नक्कल’ असे दोन शब्द नित्य येतात. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ कागदावरून प्रामाणिकपणे उतरून घेतलेला तो दुसरा कागद असतो. खोट्या कागदाला ‘बनावट’ हा तिसरा शब्द आहे. शस्त्राच्या बाबतीतही हे तीन प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांसाठी आणि प्रदर्शनांसाठी घडविलेली सोनेरी कोफ्तगिरीची कट्यार ही आपल्या काळाची अस्सल वस्तू आहे. ती शिवकालीन म्हणून विकली गेली की तिची बनावट होते. याचा अर्थ असा की बनावटपणा पुष्कळदा धातूत नसतो, वस्तूविषयी केलेल्या विधानात असतो.

त्याचप्रमाणे ‘हे शस्त्र अस्सल आहे’ या एका वाक्यात तीन वेगवेगळी विधाने मिसळलेली असतात. पहिले विधान काळाविषयी असते : हे शस्त्र सांगितलेल्या काळात घडले. दुसरे वापराविषयी असते : ते युद्धात किंवा सैनिकाच्या कमरेला होते, केवळ शोभेसाठी वा पूजेसाठी केलेले नव्हते. तिसरे व्यक्तीविषयी असते : ते अमुक पुरुषाच्या हाती, अमुक प्रसंगी होते. या तिन्ही विधानांना लागणारा पुरावा वेगळा आहे. पहिल्यासाठी धातू आणि घडण पुरेशी ठरू शकते. दुसऱ्यासाठी पात्याची झीज, धार, दुरुस्ती यांचा विचार करावा लागतो. तिसऱ्यासाठी मात्र वस्तू कितीही बोलकी असली तरी ती अपुरी पडते. तेथे हस्तांतराची अखंड साखळी लागते. या तीन विधानांची गल्लत हेच शस्त्रांविषयीच्या बहुतेक वादांचे मूळ आहे.

वाघनखांचे उदाहरण

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी छत्रपती शिवाजी महाराजांनी आदिलशाही सरदार अफजलखानाचा वध केला. सभासदाच्या बखरीत या प्रसंगी वाघनख आणि बिचवा या दोन्ही शस्त्रांचा उल्लेख येतो. जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही हीच दोन शस्त्रे आहेत. लोकस्मृतीत मात्र बिचवा मागे पडला आणि वाघनख पुढे आले. एका प्रसंगातील दोन शस्त्रांपैकी एकच स्मृतीत ठळक राहावे, ही गोष्ट चिकित्सकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या शस्त्राची आख्यायिका मोठी, त्याचेच नमुने ‘मूळ’ म्हणून पुढे येण्याचा संभवही मोठा असतो.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे ग्रँट डफच्या घराण्याकडून तेथे आली. ग्रँट डफची १८१८ मध्ये साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून नेमणूक झाली होती. तो मायदेशी परतल्यावर या वस्तूसाठी एक खास पेटी तयार करण्यात आली. पेटीवरील मजकुराचा आशय असा, की शिवाजीने ज्याने मोगल सेनापतीस मारले ते हे वाघनख असून, ग्रँट डफ साताऱ्यास असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या प्रधानाने ते त्यास दिले. मात्र जवळजवळ १६० वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री करणे शक्य नसल्याचे खुद्द संग्रहालयानेच आपल्या नोंदीत नमूद केले आहे.

महाराष्ट्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडन येथे या वाघनखांसाठी तीन वर्षांच्या उसनवारीचा करार केला. जुलै २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन सुरू झाले. या काळात वृत्तपत्रांतून आणि सार्वजनिक व्यासपीठांवरून बराच वाद झाला. एका बाजूने ‘हीच ती वाघनखे’ असे ठामपणे सांगितले गेले, तर दुसऱ्या बाजूने ‘ती खोटी आहेत’ असेही तितक्याच ठामपणे म्हटले गेले. वर सांगितलेल्या तीन विधानांच्या कसोटीवर दोन्ही पक्ष उणे ठरतात.

पेटीवरील मजकूर प्रथम तपासावा लागतो. त्यात अफजलखानास मोगल सेनापती म्हटले आहे. अफजलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. ही चूक साधी नाही. ग्रँट डफच्या स्वतःच्या ग्रंथात खान विजापूरचाच आहे, म्हणजे पेटीवरील शब्द त्या ग्रंथाच्या कर्त्याने काळजीपूर्वक तपासून कोरविले असतील, हे मानणे कठीण जाते. दुसरी विसंगती ‘पेशव्याचा प्रधान’ या शब्दांत आहे. पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान असे. त्या प्रधानाचा प्रधान म्हणजे नेमका कोण, याचा बोध मजकुरातून होत नाही. बाजीराव दुसरा जून १८१८ मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्याची रवानगी कानपूरजवळील बिठूर येथे झाली. ही वस्तू त्याच्याकडून मिळाली असण्याची शक्यता संग्रहालयाने वर्तविली आहे. शक्यता आणि पुरावा यांतील अंतर मात्र तेवढ्याने बुजत नाही.

तिसरा प्रश्न साखळीचा आहे. १६५९ ते १८१८ या काळात ही वस्तू कोठे होती? नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि राजधानीतील चीजवस्तूंची वाताहत झाली. पुढे शाहू महाराजांच्या काळात सातारा हे गादीचे ठिकाण झाले. महाराजांचे एवढे मोलाचे शस्त्र टिकले असते तर ते छत्रपतींच्या देव्हाऱ्यात वा शस्त्रागारात असणे स्वाभाविक होते. ते पेशव्यांच्या कारभाऱ्याकडे कसे गेले, याचे उत्तर पेटी देत नाही. या दुव्यांपैकी एकही दुवा समकालीन कागदाने जोडलेला नसेल, तर तिसरे विधान, म्हणजे व्यक्तिसंबंधाचे विधान, सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

तथापि, यावरून ही वाघनखे ‘खोटी’ आहेत, असा निष्कर्ष काढणेही तितकेच अशास्त्रीय ठरेल. ग्रँट डफकडे ही वस्तू एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी होती, ही गोष्ट तीस स्वतःचे मूल्य देते. पेटीवरील मजकूर १६५९ च्या घटनेचा पुरावा नाही. परंतु त्या घराण्यात या वस्तूविषयी काय मानले जात होते, याचा तो चांगला पुरावा आहे. दफ्तरातील कागदाच्या पाठीवर मागाहून लिहिलेला शेरा जसा कागदाच्या नव्हे तर शेरा लिहिणाराच्या काळाचा असतो, तशीच ही पेटी आहे. म्हणून ‘ग्रँट डफ संग्रहातील, शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी वाघनखे’ हेच वर्णन आज उपलब्ध पुराव्याला धरून आहे. या वर्णनाने वस्तूचा अवमान होत नाही आणि इतिहासाचाही होत नाही.

या संदर्भात नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीचे उदाहरण तुलनेसाठी उपयुक्त आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथील लिलावात महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांस रघुजी भोसले यांची तलवार मिळविली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. तिच्या युरोपीय बनावटीच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राघोजी भोसले यांचे नाव, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. येथे व्यक्तिसंबंधाचे विधान वस्तूवरच कोरलेले आहे, किताब योग्य आहे आणि पात्याचा प्रकारही लेखाशी जुळतो. वाघनखांच्या पेटीवरील चुकीचे वर्णन आणि या पात्यावरील अचूक वर्णन यांतील फरक हाच चिकित्सेचा धडा आहे. लेख असणे पुरेसे नाही. तो वस्तूवर आहे की वेष्टनावर, तो कोणत्या काळाचा आहे आणि त्यातील तपशील इतर साधनांशी जुळतो का, हे पाहावे लागते.

युरोपीय परीक्षणपद्धती आणि तिच्या मर्यादा

युद्धकालीन खंजिरांच्या परीक्षणाचे सर्वांत सूक्ष्म तंत्र विसाव्या शतकातील युरोपीय शस्त्रांच्या संदर्भात विकसित झाले. जर्मनीतील नाझी राजवटीत १९३३ पासून निरनिराळ्या संघटनांसाठी गणवेशाचे खंजीर तयार होऊ लागले. झोलिंगेन हे त्यांच्या निर्मितीचे मुख्य केंद्र होते. आरंभी पात्यावर कारखान्याची मुद्रा असे. पुढे नियंत्रण कार्यालयाचे चिन्ह आणि निर्मात्याचा क्रमांक येऊ लागला. त्यामुळे मुद्रा, क्रमांक, पात्याची घडण, मुठीचे लाकूड आणि म्यानाचे जोड परस्परांशी काळाने जुळतात की नाही, हे तपासता येते.

या पद्धतीचे एक बोलके उदाहरण येथे नमूद करावेसे आहे. अर्न्स्ट र्‍योम याच्या नावाची अर्पणपत्रिका असलेले काही खंजीर १९३४ मध्ये वाटले गेले. त्याच वर्षी जूनअखेरीस र्‍योमचे पतन झाल्यावर ती अक्षरे घासून काढण्याचा हुकूम निघाला. म्हणून अर्धवट घासलेली अक्षरे हे आज त्या खंजिराच्या खरेपणाचे लक्षण मानले जाते. येथे वस्तूवरची जखम हाच तिचा दाखला ठरतो. अर्थात हे कळताच नकलाकारांनी अर्पणपत्रिका नव्याने कोरण्याचे आणि ती घासण्याचेही तंत्र हस्तगत केले. निकष प्रसिद्ध झाला की तो निकष पुरा करणारी बनावट वस्तू बाजारात येते, हा या व्यवहाराचा नियमच आहे.

ब्रिटिशांच्या फेअरबर्न-साइक्स खंजिराची कथा याहून साधी आहे. १९४० मध्ये त्याचा आराखडा ठरला आणि विल्किन्सन सोर्ड कंपनीने तो तयार केला. पहिल्या नमुन्याची आडपट्टी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळलेली होती, नंतरच्या नमुन्यांत ती सरळ झाली, आणि तिसऱ्या नमुन्यात मुठीला कड्यांसारखे वळे आले. बदलांचा क्रम माहीत असल्याने वस्तूचा काळ बऱ्याच निश्चितीने सांगता येतो.

ही पद्धत जशीच्या तशी दख्खनी शस्त्रांना लावणे मात्र दिशाभूल करणारे ठरते. याची कारणे तीन आहेत. एक, दख्खनी कट्यारीवर बहुधा निर्मात्याची मुद्रा नसते. दोन, एकच घडण दीर्घकाळ चालत राहते. कट्यारीची दोन समांतर पट्ट्यांमधील आडव्या दांड्यांची मूठ सोळाव्या शतकात होती आणि एकोणिसाव्या शतकातही होती. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, जुळवलेली वस्तू या कल्पनेचा अर्थच दोन्हीकडे वेगळा आहे. झोलिंगेनच्या खंजिरात मूठ एकाची आणि पाते दुसऱ्याचे निघाले तर ती वस्तू युद्धानंतर सुट्या भागांतून जुळविली असल्याचा संशय येतो. दख्खनी कट्यारीत मात्र मोडलेल्या फिरंगी तलवारीचे पाते कापून बसविण्याची रीत प्रत्यक्ष युद्धकाळातच होती. चांगले पाते वाया जाऊ न देणे हा सैनिकाचा आणि लोहाराचा व्यवहार होता. त्यामुळे ‘पाते युरोपीय आहे, म्हणून कट्यार बनावट’ हा निर्णय चुकीचा ठरतो. जोड कोठे आहे यापेक्षा तो कधी आणि कोणत्या तंत्राने झाला, हा योग्य प्रश्न आहे.

बीड जिल्ह्यातील शस्त्रांचा इतिहाससंदर्भ

बीड जिल्ह्यात सापडणाऱ्या जुन्या शस्त्रांविषयी सर्वसाधारण कल अशी शस्त्रे थेट शिवकाळाशी जोडण्याकडे असतो. जिल्ह्याचा इतिहास मात्र याहून गुंतागुंतीचा आहे. सोळाव्या शतकातील धारूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या सीमेवर होता. १६३१ मध्ये तो मोगलांनी घेतला. १० ऑगस्ट १७६३ रोजी आजच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे गोदावरीच्या काठी पेशवा माधवराव आणि निजाम यांच्या सैन्यांत मोठी लढाई झाली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तीत मारला गेला. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई जिल्ह्याच्या सीमेलगत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात झाली. तीत निजामाच्या बाजूने रेमंड या फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालील कवायती पलटणी होत्या.

एकोणिसाव्या शतकात हा भाग निजामाच्या राज्यात राहिला. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. हैदराबाद राज्यात अरब आणि रोहिले शिपायांचीही मोठी संख्या होती आणि जंबिया हे अरबांच्या कमरेचे नित्याचे शस्त्र होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट संपली.

या पार्श्वभूमीवर बीड जिल्ह्यातील एखाद्या वाड्यात सापडलेला वक्र पात्याचा जंबिया सतराव्या शतकाचाच असेल, असे गृहीत धरता येत नाही. तो एकोणिसाव्या शतकातील अरब जमादाराचा असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. त्याचप्रमाणे कवायती पलटणीची संगीन कापून केलेला खंजीर, कंटिन्जंटच्या स्वाराचा सुरा आणि मोगल पद्धतीचा पेशकब्ज हे सर्व एकाच घरात सापडू शकतात. ही शस्त्रे ‘शिवकालीन’ नाहीत म्हणून कमी मोलाची ठरत नाहीत. मराठवाड्याचा निजामी काळातील सामाजिक आणि लष्करी इतिहास त्यांतून उलगडतो. शिवकालाची पाटी लावताच तो पुसला जातो. प्रतिष्ठेच्या मोहापायी स्थानिक इतिहासाचे होणारे हे नुकसान बनावट वस्तूंनी होणाऱ्या नुकसानाहून कमी नाही.

आणखी एक स्थानिक बाब चिकित्सकाने विचारात घेतली पाहिजे. जुनेपणाची खूण म्हणून गंजाकडे आणि धातूवरील काळसर थराकडे पाहिले जाते. परंतु मराठी घरांत खंडेनवमीला आणि दसऱ्याला शस्त्रपूजा होते. त्या वेळी शस्त्रे राखेने, चिंचेने वा लिंबाने घासली जातात, तेल लावले जाते, कुंकू वाहिले जाते. पिढ्यान्‌पिढ्या शिकलगारांकडून धार आणि झिलई करून घेतलेली शस्त्रेही अनेक आहेत. म्हणजे ज्या घरात शस्त्राची निगा श्रद्धेने राखली गेली, तेथील अस्सल कट्यार लखलखीत असू शकते. उलट आम्लात बुडवून वा ओल्या मातीत पुरून आठवड्याभरात गंजविलेली नवी कट्यार पुरातन भासते. केवळ गंजाचा निकष मानला तर खरी वस्तू नापास होते आणि खोटी उत्तीर्ण होते.

धातुपरीक्षणाचे योगदान आणि त्याची मर्यादा

आधुनिक काळात क्ष-किरण प्रतिदीप्ती, सूक्ष्मदर्शकाखालील धातुरचना-परीक्षण यांसारख्या तंत्रांचा आधार घेतला जातो. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. भट्टीत लोहखनिजापासून जुन्या रीतीने काढलेल्या घडीव लोखंडात मळीचे सूक्ष्म कण अडकलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच्या औद्योगिक पोलादात मँगनीजचे प्रमाण सामान्यतः अधिक आढळते. मुशीत तयार केलेल्या दख्खनी पोलादाच्या पात्यावर जो लहरींचा जौहर दिसतो, तो धातूच्या अंतर्रचनेतून आलेला असतो. अशा पोलादासाठी तेलंगणातील निर्मल-कोनासमुद्रम हा परिसर प्रसिद्ध होता. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक पात्यांवरील लहरी दोन प्रकारचे पोलाद थरांनी जोडून किंवा केवळ पृष्ठभागावर आम्लाने कोरून काढलेल्या असतात. अनुभवी डोळ्याला आणि सूक्ष्मदर्शकाला हा फरक कळतो.

तरीही या तंत्रांची तर्कशास्त्रीय मर्यादा ओळखली पाहिजे. विद्युत-सांधणीची खूण, यंत्रावर पाडलेले स्क्रूचे आटे, क्रोमचा मुलामा किंवा विसाव्या शतकातील गंजरोधक पोलाद आढळले तर तो भाग सतराव्या शतकातील नाही, हे निश्चित होते. परंतु यांपैकी काहीच आढळले नाही म्हणून वस्तू सतराव्या शतकातील आहे, असे सिद्ध होत नाही. जुने लोखंड वितळवून किंवा पुन्हा घडवून नवे शस्त्र करता येते. क्ष-किरण प्रतिदीप्तीने पोलादाचा प्राण असलेल्या कार्बनचे प्रमाण मोजता येत नाही, ही तांत्रिक मर्यादाही आहे. थोडक्यात, प्रयोगशाळा खोटेपणा सिद्ध करू शकते. काळाचा खरेपणा ती फक्त संभाव्य ठरवू शकते. व्यक्तिसंबंधाविषयी तर ती मूकच असते.

चिकित्सेची क्रमवार रीत

वरील विवेचनावरून महाविद्यालयीन स्तरावर स्वीकारता येईल अशी एक रीत मांडता येते. प्रथम वस्तूचे वर्णन करावे, मत देऊ नये. लांबी, वजन, पात्याची जाडी, जोडाच्या जागा, दुरुस्तीच्या खुणा आणि लेखातील अक्षरे यांची छायाचित्रांसह नोंद करावी. दुसऱ्या टप्प्यात वस्तू कोणाकडून, केव्हा, कशी आली, हे मालकाच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि त्यातील कोणत्या दुव्याला कागदाचा आधार आहे, हे वेगळे दाखवावे. वतनाची कागदपत्रे, घरातील मोडी कागद, वाटणीपत्रे आणि जुनी छायाचित्रे यांना येथे महत्त्व आहे. तिसऱ्या टप्प्यात संग्रहालयांतील निश्चित नमुन्यांशी तुलना करावी. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांतील शस्त्रसंग्रह मराठवाड्यातील अभ्यासकास उपलब्ध आहेत. चौथ्या टप्प्यात, आवश्यकता असल्यासच, धातुपरीक्षण करावे. ते वस्तूस इजा न करणारे असावे आणि मालकाच्या लेखी संमतीने व्हावे. घासणे, चमकविणे वा पाते मुठीतून काढणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत.

शेवटी निर्णय देताना काळ, वापर आणि व्यक्तिसंबंध या तीन विधानांवर स्वतंत्र मत द्यावे. ‘अस्सल’ किंवा ‘बनावट’ असा एकशब्दी शेरा देऊ नये. ‘पाते बहुधा अठराव्या शतकातील, मूठ नंतरची, घराण्याच्या परंपरेनुसार राक्षसभुवनच्या लढाईशी संबंध, त्यास लेखी आधार नाही’ असे वर्णन मालकाला कमी आकर्षक वाटेल. परंतु पुढील संशोधकाला तेच उपयोगी पडेल आणि नवा कागद हाती आल्यास त्यात दुरुस्तीही करता येईल.

निष्कर्ष

युद्धकालीन आखूड शस्त्रांच्या अस्सलतेचा प्रश्न हा एका निकषाने सुटणारा नाही. मुद्रा आणि क्रमांक यांवर उभी असलेली युरोपीय परीक्षणपद्धती कारखान्यातील शस्त्रांसाठी योग्य आहे. दख्खनी शस्त्रांसाठी तिच्यातील शिस्त घ्यावी, निष्कर्ष घेऊ नयेत. लंडनहून आलेल्या वाघनखांविषयीचा वाद हा मुख्यतः काळाचे विधान आणि व्यक्तिसंबंधाचे विधान यांच्या गल्लतीतून उद्भवला. ग्रँट डफ संग्रहातील ही वस्तू लोकांनी आदराने पाहिली, हे योग्यच झाले. मात्र आदराला पुराव्याचे स्थान देता येत नाही आणि पुराव्याच्या अभावाला अनादर म्हणता येत नाही.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा आहे. धारूर, राक्षसभुवन आणि मोमिनाबाद या तीन नावांत तीन वेगळ्या लष्करी परंपरा सामावलेल्या आहेत आणि त्यांची शस्त्रे आजही घराघरांत खंडेनवमीला पूजली जातात. ती जुन्या बाजारात विकली जाण्यापूर्वी किंवा चुकीच्या पाटीखाली प्रदर्शनात मांडली जाण्यापूर्वी त्यांची वर्णनात्मक नोंद होणे आवश्यक आहे. हे काम मोठ्या शहरांतील संग्रहालयांवर सोपवून चालणार नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी गावोगावच्या मोडी कागदांबरोबर त्याच घरातील शस्त्रांचीही नोंद ठेवली, तर ‘शिवकालीन दिसते’ या वाक्याची जागा तपासता येण्याजोगे विधान घेऊ शकेल.